रुंद चाक आणि दगाबाज मंडळी

४ जानेवारी, रविवार. सकाळ.

निश्चय झाला. १ मार्चला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी हिला मोटरसायकलवर मागे बसवून तलावावर न्यायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी गेलो होतो, तसंच. तेच विश्रामगृह, तीच गाडी, तीच दोघं.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, माझी पाठ. बसने जाऊ या की.

या घरात रोमान्स म्हणून जो काही शिल्लक आहे, तो एकट्या माझ्याकडे आहे.

दुपार.

जेवणानंतर शांतपणे विचार केला. ही कित्येक वर्षं माझ्या मागे बसलेली नाही. कारण पाठ. पण पाठ का दुखते? मागे हादरे बसतात म्हणून. हादरे का बसतात? मागचा टायर बारीक आहे म्हणून. म्हणजे दोष हिचा नाही. माझ्या चालवण्याचा तर नाहीच नाही. दोष चाकाचा.

तेव्हा मागचं चाक रुंद करायचं. रुंद चाक म्हणजे जास्त रबर, जास्त रबर म्हणजे कमी हादरे. हिला गादीवर बसल्यासारखं वाटेल. इतकी साधी गोष्ट पंचवीस वर्षांत कोणालाच कशी सुचली नाही!

११ जानेवारी, रविवार.

चाक मिळालं! मेहुण्याकडे, म्हणजे हिच्या धाकट्या भावाकडे. त्याची एक दांडगी मोटरसायकल होती, ती त्याने विजेच्या खांबावर घातली. तेव्हापासून ती अंगणात मोडून पडली आहे, पण मागचं चाक शाबूत. टायर काय गुटगुटीत आहे! माझा जुना टायर त्याच्याशेजारी ठेवला तर आजारातून उठल्यासारखा दिसतो.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, घेऊन जा, तुम्हाला काय नाही म्हणायचं? फक्त तुमचं जुनं चाक नंतर मला द्या. कशाला रे, असं विचारलं, तर म्हणाला, असू दे, घरात लागतं. आहे कोणाला असा दिलदार मेहुणा? माणसांची पारख आपल्याला आहे.

चाक जिन्याने वर आणलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभं केलं. ही म्हणाली, हे इथे किती दिवस? मुलगी कॉलेजात जाते, त्यामुळे तिला सगळं कळतं. ती म्हणाली, बाबा, हे आपल्या गाडीला नाही बसणार. म्हटलं, कशावरून? म्हणाली, बघूनच कळतंय.

बघून! मला सांगते, बघून! मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. पोतं नुसतं नजरेखालून घातलं की वजन सांगतो. अख्ख्या बाजारातले तराजू मला घाबरून सरळ होतात. घरात मात्र माझ्या नजरेला मोल नाही.

१४ जानेवारी.

फिटर सापडला. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं गॅरेज आहे. विचारलं, हे चाक या गाडीला बसेल का? म्हणाला, बसेल की. म्हटलं, चेन तिरकी नाही ना होणार? म्हणाला, करू की सरळ. मडगार्डला लागणार नाही ना? छे, कशाला लागेल?

एकाही प्रश्नाला नकार नाही. माणूस असावा तर असा.

मोजमाप मात्र मी दुसऱ्यावर सोडलं नाही. ऑफिसातली पोलादी पट्टी नेली होती, खात्याची मोहोर असलेली. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, चाक अधांतरी धरून, टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर घेतलं. बोटभर निघालं. फिटर म्हणाला, बोटभर म्हणजे रग्गड झालं साहेब. मीही म्हटलं, रग्गड.

दोन जाणकारांचं एकमत झालं की माझा जीव भांड्यात पडतो.

२४ जानेवारी.

चाक अजून बसलेलं नाही. फिटरचा दोष नाही. चाकाच्या मधलं भोक मोठं आणि आमच्या गाडीचा दांडा बारीक. लेथवाल्याकडून मधली बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, करून घ्यायची आहे. लेथवाला रोज उद्या म्हणतो. चेनचं मागचं चक्र थोडं बाहेर सरकवावं लागेल. ब्रेकची सळी वाकवावी लागेल. फिटर म्हणाला, एवढं तर होणारच.

बसने ऑफिसला जातोय. उभ्याने. कंडक्टर मला ओळखायला लागला आहे, हे चांगलं लक्षण नाही.

ही म्हणाली, बघा, बसची सवय होतेय. असले टोमणे मी ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

१ फेब्रुवारी, रविवार.

बसलं!!

काय दिसते गाडी! मागून तर बघतच राहावं. गल्लीतून तीन चकरा मारल्या. आवाज नाही, थरथर नाही, जमीन कशी घट्ट धरून चालते. वळताना जरा जोर लावावा लागतो, पण तो बळकटपणा आहे. तळमजल्यावरच्या काकांनी बाहेर येऊन बघितली. काका जन्मभर स्टेशनवर घोषणा करायचे, अजून साधं बोलले तरी गल्लीच्या टोकापर्यंत जातं. म्हणाले, वाहन उत्तम आहे! चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

जुनं चाक मेहुणा येऊन घेऊन गेला. व्यवहार पूर्ण.

वर जाऊन हिला सांगितलं, तुझ्या पाठीचा प्रश्न आज कायमचा सुटला. ही म्हणाली, बरं. एवढंच. बरं! ज्या माणसाने हिच्यासाठी महिनाभर बसच्या दांड्याला लोंबकळून काढला, त्याला ‘बरं’.

असो. १ तारखेला मागे बसेल तेव्हा कळेल.

२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

मन विषण्ण आहे. थोडक्यात लिहितो.

मुलीला म्हटलं, चल, तुला कॉलेजात सोडतो. मागे बसली. पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र आवाज आला. मग खड्ड्यात आला. मग सपाट रस्त्यावरही यायला लागला. जळक्या रबराचा वास सुटला. मुलगी चौकात उतरली आणि मैत्रिणीच्या स्कूटरवर बसून गेली. जाताना एवढंच म्हणाली, बाबा, बघून कळत होतं.

एकटा परत आलो. येताना आवाज नाही!

गॅरेजमध्ये गेलो. फिटरने खाली वाकून पाहिलं आणि सहज म्हणाला, दोन माणसं बसली की स्प्रिंग दबते ना साहेब. गाडी खाली येते. मडगार्ड टायरवर टेकतं. आपण स्टँडवर मोजलं होतं, रिकामी असताना.

म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, मागे कोणी बसणार आहे, हे तुम्ही कुठे सांगितलं? तुम्ही आलात एकटे, गेलात एकटे.

मोटरसायकलवर मागे माणूस बसतो हेसुद्धा सांगावं लागतं? ज्याला मी माणूस समजलो, त्याने केसाने गळा कापला. आजपासून फिटर माझ्यासाठी संपला.

३ फेब्रुवारी.

फिटरकडे चहा घेतला. दुसरं गॅरेज लांब आहे.

८ फेब्रुवारी, रविवार.

आजचा प्रसंग सविस्तर लिहितो. कारण पुढे कोणी विपर्यास केला तर निदान इथे तरी सत्य असावं.

मुद्दा साधा होता. मागे नेमका किती भार आला की टायर घासतो, हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही. मुलगी बसायला तयार नाही. हिला म्हटलं, खाली येतेस का जरा, मागे बसून बघ. ही म्हणाली, कुकर लावलाय. मग मी खात्यातली प्रमाणित वजनं आणली. शुक्रवारीच आणली होती, गेट पासवर ‘प्रात्यक्षिक’ असं कारण लिहून. त्यात खोटं काही नाही.

गाडी आवारात घेतली. पुढे मी बसलो. मागच्या सीटवर इस्त्रीवाल्याने एकेक वजन ठेवायचं, कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधायचं आणि वॉचमनने खाली वाकून टायर बघायचा. तळमजल्यावरचे काका खुर्ची घेऊन आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रत्येक वजन चढलं की ते आकडा पुकारायचे, बेरजेसकट.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. निम्म्यावर आलो तरी टायर मोकळा. मी खूश. आणखी दोन चढवली. वॉचमन म्हणाला, लागलं साहेब. काकांनी आकडा पुकारला. इस्त्रीवाल्याने विचारलं, थांबायचं का? मी म्हटलं, नाही नाही, तुझ्या वहिनींपर्यंत अजून बरंच जायचंय. चढव.

हे मी सहज बोललो. संदर्भ तांत्रिक होता.

पुढची वजनं माझ्या नजरेच्या अंदाजाने चढवली. इतकी वर्षं समोर वावरणारी व्यक्ती, अंदाज चुकण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटचं वजन चढलं तेव्हा काकांनी एकूण आकडा असा काही पुकारला, की गाडी फलाटावर येत असल्यासारखी माणसं गॅलऱ्यांत आली. आकडा मी इथे लिहीत नाही. काही सभ्यता असते.

वर बघितलं तर आमच्या गॅलरीत ही उभी. हातात कुकरची शिट्टी.

ही खाली आली. सीटवर दोरीने बांधलेली लोखंडी वजनं बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, ही मी का?

मी म्हटलं, साधारण.

इस्त्रीवाला मध्येच म्हणाला, नाही साहेब, वहिनी एवढ्या नाहीत. त्याला काय कळतं? मी म्हटलं, हा अंदाज आहे, प्रत्यक्ष तपासणी बाकी आहे, ऑफिसात मोठा काटा आहे, कधीही जाता येईल.

ही म्हणाली, तलावावर ह्यांनाच घेऊन जा. पाठ दुखते म्हणून तक्रार तरी करणार नाहीत. आणि वर गेली.

शास्त्रीय प्रयोगाला घरच्यांचा पाठिंबा नसला की माणूस एकटा पडतो.

९ फेब्रुवारी.

ही बोलत नाही. निरोप मुलीमार्फत येतात. सकाळचा निरोप: चहा ओट्यावर आहे. दुपारचा निरोप: काही नाही.

आकडा सगळ्या आवारात झाला आहे. दूधवाल्यालाही माहीत. कोणी फोडला, याचा शोध घेतला. काका कानावर हात ठेवून म्हणतात, मी तर हळूच बोललो होतो. काका माझ्यासाठी संपले.

मुलीला म्हटलं, आईला सांग, हे सगळं तिच्याच पाठीसाठी चाललंय. मुलगी म्हणाली, तुम्हीच सांगा. घरातली माणसंसुद्धा अशी हात वर करतात.

११ फेब्रुवारी.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शासकीय वजनं खासगी कामासाठी नेल्याबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. त्यांना कोणी सांगितलं? शेजारच्या टेबलावरचा सहकारी खिडकीतून बाहेर बघत होता. वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्ली याने. तोही संपला.

खुलाशात लिहिलं: वजनांची अचूकता प्रत्यक्ष भाराखाली पडताळून पाहिली. साहेबांनी विचारलं, कोणत्या भाराखाली? मी म्हटलं, वैवाहिक. साहेब हसले. पण खुलासा फाइलला लागला.

१५ फेब्रुवारी, रविवार.

नवा उपाय. फिटरने मागचे दोन्ही शॉकअप शेवटपर्यंत आवळून दिले. आता स्प्रिंग दबतच नाही, म्हणजे मडगार्ड खाली येत नाही, म्हणजे घासणं नाही. फिटर म्हणाला, बघा साहेब, होतं की नाही.

सिमेंटची पोती मागे बांधून बाहेर रस्त्याला काढली. घासलं नाही! परत येईपर्यंत पाठीतून कळ निघाली. जिना चढताना कठड्याला धरून चढलो. गाडी आता फरशीसारखी कडक झाली आहे.

माझी पाठ दुखतेय हे हिला कळू द्यायचं नाही. पाठीला मलम मुलीकडून लावून घेतलं. तिने आईला सांगितलं. ही पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, गरम पाण्याची पिशवी देऊ का?

बोलली, हे महत्त्वाचं. खरंच बरं वाटलं. हिचा आवाज ऐकल्याला आठवडा झाला होता आणि घर फार मोठं वाटायला लागलं होतं. म्हटलं, नको, काही झालेलं नाही.

पिशवी घ्यायला हवी होती.

१८ फेब्रुवारी.

शॉकअप परत सैल केले.

सहज, केवळ एक पर्याय म्हणून, मेहुण्याला फोन केला. म्हटलं, ते जुनं चाक जरा परत दे. परत बसवणार नाही, पण जवळ असलेलं बरं. मेहुणा चाचरला. म्हणाला, भाऊजी, ते मी भिंतीवर ठोकलंय. बागेचा पाण्याचा पाइप गुंडाळायला. टायर काढून टाकला, आऱ्या कापल्या. माझी बायको म्हणते, इतकी सोय आजवर नव्हती.

तीस हजार किलोमीटर माझ्याखाली धावलेलं चाक! आता त्याच्यावर पाइप! म्हटलं, तू माझ्या पाठीत खंजीर खुपसलास. तो म्हणाला, अहो भाऊजी, तुम्हीच तर दिलंत. आणि मग हळूच म्हणाला, ताईला बसने न्या की. तिला खिडकीत बसायला आवडतं.

सगळे एकमेकांना सामील आहेत. मेहुणा संपला.

२२ फेब्रुवारी, रविवार.

फिटरने मडगार्ड कापलं. सकाळी कापलं, दुपारी कळलं की आता टायर मडगार्डला न लागता सीटच्या खालच्या पत्र्याला लागतो. फिटर पत्र्याकडे बघत म्हणाला, हे मात्र ध्यानात नव्हतं आलं. मग म्हणाला, सीटचा मागचा भाग काढूनच टाका साहेब. एकदम मोकळं.

मी संतापलो. म्हटलं, अरे, त्या सीटसाठीच तर हा सगळा खटाटोप.

तरी नुसतं बघायला म्हणून काढली. फक्त बघायला. खरं सांगतो, चाक असं काही दिसलं! अख्खं, मागून, बाजूने, कुठूनही बघा. गॅरेजमधली गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. एकाने फोटो घेतला. एक चक्कर मारली. अगदी निःशब्द.

मग सीट परत लावली. लावायला तासभर लागला, कारण मी थोडा वेळ मध्ये चहाला थांबलो.

स्प्रिंगांमध्ये रबराचे ठोकळे घातले आहेत. फिटर म्हणतो, वहिनी हलकेच बसल्या तर काही होणार नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

उद्या.

गाडी धुतली. साखळीला तेल. टायरला काळं पॉलिश. घरी आलो तर ही बॅग भरत होती. एकच बॅग, त्यात हिचे कपडे आणि माझे कपडे एकत्र. माझा निळा शर्ट इस्त्री करून वर ठेवलेला.

पलंगावर बसलो. ही घड्या घालता घालता म्हणाली, अहो, मला तलावावर जायचंय. खरंच जायचंय. कशाने जायचं, त्याचं मला काही नाही. तुम्ही बरोबर असलात म्हणजे झालं.

मला भरून आलं. म्हटलं, उद्या तू बघच, चाक काय चालतं ते.

 हिने शर्टाची घडी मोडून परत घातली. म्हणाली, बस साडेसहाची आहे.

गंमत करते अजून. पंचवीस वर्षांनी इतकी गंमत शिल्लक असणं हे सुखी संसाराचं लक्षण आहे. वजनांचं प्रकरण विसरली असावी.

१ मार्च, रविवार. संध्याकाळ.

लिहायला बसलो आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी गाडी आवारात काढून ठेवली. ही बॅग घेऊन खाली आली. मुलगी सोबत. ही गाडीजवळ थांबली, मागच्या सीटवर हात ठेवला आणि माझ्या खांद्याला धरून बसली. इतक्या वर्षांनी खांद्यावर हिचा हात आला. मला मागे वळून बघावंसं वाटलं, पण तेव्हा मी टायरचा आवाज ऐकत होतो.

फाटकापर्यंत काही नाही. फाटकाच्या उंबऱ्यावर खर्रर्र. मी म्हटलं, जरा हलकी बस.

हे बोलायला नको होतं, असं मुलगी नंतर म्हणाली.

ही उतरली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बॅग खांद्याला लावली, मुलीला म्हणाली, चल, मला बसपर्यंत सोड, उशीर होतोय, आणि दोघी चालत स्टँडकडे गेल्या. मला वाटलं, परत येतील. मग बस आमच्या कोपऱ्यावरून वळली आणि खिडकीत ही दिसली.

मी गाडी बसच्या मागे घातली. शहराबाहेर पडलो. रस्ता मोकळा, सकाळची हवा, गाडी पाण्यासारखी चाललेली. बस पुढे, मी मागे. ही शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. शेजारची जागा रिकामी. तिथे बॅग ठेवली होती. मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. मी हॉर्न वाजवला, हिने वळून बघितलं. मी चाकाकडे बोट दाखवलं, म्हणजे बघ, घासत नाहीये.

अर्ध्या वाटेवर बस चहाला थांबली. मी पोचलो तेव्हा हिच्यासमोर दोन कप होते. एक माझा. ही म्हणाली, चहा घ्या आणि चला. तुमची जागा ठेवलीय. गाडी राहू दे इथे, चहावाल्याला विचारलंय, तो लक्ष ठेवेल.

म्हटलं, माझी जागा म्हणजे? हिने पर्समधून तिकिटं काढून समोर ठेवली. दोन होती. मी उचलून तारीख बघितली, खात्याची सवय. काढल्याची तारीख ११ जानेवारी. म्हणजे चाक हॉलमध्ये नीट टेकलंही नव्हतं, तेव्हाच हिने बसची दोन तिकिटं काढून ठेवली होती!

एवढा दगा मला फिटरने दिला नाही, मेहुण्याने दिला नाही. म्हटलं, चाकावर विश्वास नव्हता, तर तेव्हाच सांगायचं होतंस. ही म्हणाली, सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. बसने जाऊ या म्हटलं होतं. आणि मग म्हणाली, चाकाचं जाऊ द्या हो. चहा गार होतोय.

मी कप उचलला. खरंच उचलला होता. जाणारच होतो. तेवढ्यात दोन तरुण गाडीपाशी येऊन वाकले. एकाने हाक मारून विचारलं, काका, एवढं रुंद चाक या मॉडेलला कसं बसवलंत?

दोन महिन्यांत हा प्रश्न नीट आदराने कोणी विचारला नव्हता. हिला म्हटलं, एक मिनिट, आलोच. जाऊन त्यांना बुश समजावली. चेनचं चक्र किती बाहेर घेतलं ते सांगितलं. मडगार्डचा भाग गाळला. ते म्हणाले, मानलं तुम्हाला. कंडक्टरने बेल मारली होती, ती ऐकू आली होती. पण ब्रेकच्या सळीचं सांगायचं राहिलं होतं.

वळलो तर बस हलली होती. ही खिडकीत. मी चार पावलं सोबत धावलो. ही ओरडली नाही, साधंच बोलली, भाजी कशी झालीय हे सांगावं तसं. म्हणाली, छान चालतेय गाडी. अशीच राहू दे.

मग हिने शेजारच्या जागेवरची बॅग उचलून मांडीवर घेतली. कोणीतरी जाडजूड गृहस्थ उभे होते, ते तिथे बसले.

दोन्ही कप टेबलावर तसेच होते. माझा भरलेला. चहावाल्याने विचारलं, गाडी ठेवताय ना इथे? म्हटलं, नाही.

तलावापर्यंत जाता आलं असतं. रस्ता तोच होता. पण तिथे जाऊन सांगायचं काय, हे ठरत नव्हतं, म्हणून गाडी वळवली.

घरी येऊन ही वही काढली. म्हटलं, आजचा दगाबाज कोण, ते नोंदवून ठेवावं. फिटर तिथे नव्हता. मेहुणा नव्हता. काका, साहेब, कोणी नव्हतं. आणि हिने तर जागा ठेवली होती. ती ओळ कोरीच सोडली.

चाकाचं मात्र खोटं बोलणार नाही. तिथून घरी येईपर्यंत एकदाही घासलं नाही.